पाचवी जोगतीण

"आये, ती परडी खाली ठेव."

आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उतरंडीमागून काढलेली परडी तिनं पदरानं पुसली, तळाशी धरलेली कोळ्याची जाळी झटकली आणि उंबऱ्यात बसून, माझ्याच हातआरशात बघत, ती कपाळभर भंडारा फासू लागली. गेल्या पाच वर्षांत तिच्या कपाळाला हळदीचा हा पट्टा मी पाहिला नव्हता.

"कुटं चाललीस?"

"भीमाप्पाच्या दारात. जसं काय तुला म्हाईतच न्हाई."

"बघायला चाललीस का बसायला?"

"बसायला. त्यास्नी पाचवी मिळंना झालीया."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आरसा तिच्या हातातून हिसकावून घेतला मी. आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, उरलेला भंडारा अंदाजानं लावला आणि बोटं परडीच्या काठाला पुसली.

आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेलं. आमच्या गल्लीत मुलगी देवीला सोडायची चाल होती. सोडायची म्हणजे तिच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची. त्या माळेला दर्शन म्हणतात. ते बांधलं की पोरगी जोगतीण झाली, तिचं लग्न देवीशी लागलं, माणसाशी कधीच लागणार नाही. नाव सेवेचं. पुढं दोन-चार वर्षांत मुंबई-पुण्याच्या कुठल्यातरी गल्लीत तिला नेऊन विकलेलं असायचं. माझी आई लगमव्वा अशीच गेली होती. चौदा वर्षं तिथं काढून, मला पोटात घेऊन ती परत आली. मी तिचंच नाव लावते, विमल लगमव्वा सनदी, आणि त्यात लाजण्यासारखं मला कधी काही वाटलं नाही.

परत आल्यावर आईनं पोरी वाचवायचा चंग बांधला. सभा घेतल्या, तालुक्यातून बाया आणून भाषणं करवली. लोक टाळ्या वाजवायचे आणि पुढच्या पुनवेला पोरगी सोडायचे. मग आईनं रितीलाच हात घातला. पाच जोगतिणींनी बसून तांदूळ टाकल्याशिवाय दर्शन लागू होत नाही, अशी आमच्याकडची रीत. आईनं गल्लीतल्या साऱ्या जोगतिणी गोळा केल्या, हिरण्यकेशीवर नेल्या आणि कुणाच्याही पोरीसाठी बसणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. स्वतःच्या गळ्यातलं दर्शन तोडून तिनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नदीत सोडलं. शेजारच्या गावांतही हे लोण पोचलं. पाच जणी जमेनात म्हणून पोरी सुटू लागल्या. आईचा मला अभिमान वाटायचा, अगदी छाती फुगवून वाटायचा. आणि तीच बाई आज परडी घेऊन निघाली होती.

"निलू तेरा वर्सांची बी न्हाई गे," मी म्हणाले. "तू तिला बालवाडीत घेऊन गेलतीस. आठवतंय का?"

"आठवतंय."

"मग?"

"मग काय? येतीस तर चल. पण तोंड उघडायचं न्हाई."

निलव्वा, म्हणजे निलू, भीमाप्पाची एकुलती एक लेक. आई वारली तेव्हा ती पाचवीत होती. त्यानंतर तिच्या डोक्याला फणी लागली नाही. मी तालुक्याला पार्लरमध्ये कामाला होते. केस न विंचरता ठेवले की त्यांचा चिकट दोरखंड होतो, हे सांगायला मला देवी लागत नव्हती. पण निलूच्या मानेवर तसा गुंता झाला आणि नेमकी तेव्हाच ताराबाई गावात उगवली. ताराबाई आमच्याच गल्लीतली जोगतीण. पुण्याला तिचा कुंटणखाना होता. गावात आली की मात्र पांढरी जीप, जरीचं लुगडं आणि तोंडात सारखं देवीचं नाव. जट आली म्हणजे देवीनं पोरीला मागणं घातलं, हे तिनं भीमाप्पाच्या डोक्यात भरवलं.

भीमाप्पा राक्षस नव्हता. पोरगी विक म्हटलं असतं तर त्यानं ताराबाईला पायताणानं झोडपली असती. पण देवीला द्यायची म्हटल्यावर तो हात जोडून उभा राहिला. गळ्यात दर्शन पडलं की विकणं हे विकणं राहत नव्हतं, ताराबाईचा सगळा धंदा ह्याच्यावर चालायचा.

चार जणी तिनं जमवल्या होत्या. दोघी हद्दीपलीकडून आणल्या, तिसरी ती स्वतः. चौथी आमच्या शेजारची म्हातारी हौसाक्का. हौसाक्कानं आईसोबत नदीवर शपथ घेतली होती. पण तिची नात ताराबाईच्याच घरात होती, आणि बसलीस तर दिवाळीला नातीला भेटायला आणते, असं ताराबाईनं तिला सांगितलं होतं. हौसाक्का दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाली. तिला काय बोलणार? राहिली पाचवी.

आम्ही ठाण्यावरही जाऊन आलो होतो. देवदासी सोडण्याविरुद्धचा नवा कायदा होऊन फार दिवस झाले नव्हते. आईनं त्याचा कागद घडी करून सोबत नेला होता. फौजदारांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा पाजला आणि परत पाठवलं. येताना एसटीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, थकली. आता परडी घेऊन चाललेल्या तिच्या पाठीकडे बघताना वाटलं, थकली नव्हती, फिरली होती.

भीमाप्पाच्या अंगणात मांडव पडला होता. मधे पाटावर निलू. तिच्या चारी बाजूंना पाण्यानं भरलेले चार तांबे आणि त्यांच्या गळ्याभोवती पांढरा दोरा गुंडाळून केलेला चौक. हिरवं लुगडं तिला इतकं मोठं झालं होतं की निऱ्यांचा गठ्ठा पोटाशी धरून बसावं लागत होतं. मानेवरची जट हळदीनं माखली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"विमलाक्का, म्या पुण्याला चालले. तितं इंग्लिश शाळा हाय म्हणं."

"कोण म्हणालं?"

"ताराव्वा."

ताराबाई पानाला चुना लावत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिची नजर आईवर होती. संशयानं पार बारीक झालेली नजर.

"लगमव्वा, तू आलीस?"

"देवीनं बोलिवलं. मी कोण न्हाई म्हणणार?"

"इतकी वर्सं न्हाई म्हणतच हुतीस की."

"चुकलं. घरात सुख न्हाई तवापास्नं."

"दर्शन हाय का गळ्यात? का नुसतीच परडी घिऊन आलीस?"

मला वाटलं, आता सुटलो. आईचं दर्शन नदीत गेलं होतं, मी स्वतः बघितलं होतं. आईनं शांतपणे पदर सरकवला आणि चोळीच्या आतून माळ बाहेर काढली. लाल, पांढरा, लाल, पांढरा.

म्हणजे नदीत सोडलं ते काय होतं? सगळ्या गल्लीला शपथ घालून ही बाई इतकी वर्षं लुगड्याआड दर्शन बाळगून होती? हौसाक्काचं तोंडही उघडंच राहिलं. ती काहीतरी बोलणार इतक्यात आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि म्हातारी गप्प झाली.

"मग तूच बांध," ताराबाई खूश होऊन म्हणाली. "तू बांधलंस तर गावात कुणाची बोलायची टाप न्हाई."

हे मात्र खरं होतं. लगमव्वानं बांधलं म्हटल्यावर शपथेचं नाव कोण काढणार होतं? एका निलूनं हे थांबणार नव्हतं. दर पुनवेला एक मांडव पडणार होता.

चौंडकं वाजायला लागलं. पाची जणी चौकाच्या कडेनं बसल्या. ताराबाईनं मुठी-मुठीनं तांदूळ वाटले. "उदे गं आई उदे" सुरू झालं तशी निलू घाबरली. आत्तापर्यंत तिला सगळं लग्नासारखं वाटत होतं. आता तिनं माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. भीमाप्पा डोळे मिटून हात जोडून उभा होता.

"अप्पा, मला जायाचं न्हाई," ती हळूच म्हणाली. "अप्पा."

भीमाप्पाचे मिटलेले डोळे पाझरत होते, पण उघडले नाहीत.

मी उठले. काय करतेय हे मला कळत नव्हतं. तांब्यांभोवतीचा दोरा धरला आणि ओढला. एक तांब्या कलंडला, पाणी निलूच्या लुगड्यावर गेलं, दोरा तुटला. बायका ओरडल्या. मी निलूचा दंड धरून तिला उठवत होते तेवढ्यात आई समोर आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली.

आईनं मला लहानपणीसुद्धा कधी हात लावला नव्हता. कानात घंटा वाजत राहिली.

"हिला भाईर न्या," आई ताराबाईला म्हणाली. "आनि दुसरा दोरा आणा. तांब्या भरा. अर्धवट काय न्हाई करायचं. समदं रितीनं झालं पायजे."

ताराबाईच्या जीपवाल्यानं मला मांडवाच्या खांबापाशी धरून ठेवलं. आईनं स्वतःच्या हातानं दोरा पुन्हा गुंडाळला. पाची जणींनी तांदूळ टाकले. आईनं पुढं होऊन आपल्या परडीतलं दर्शन निलूच्या गळ्यात बांधलं, गाठ मारली आणि आणखी एक गाठ मारली. निलू हुंदके देत होती. मी आईला तोंडाला येतील त्या शिव्या घालत होते. तिच्याच धंद्याच्या शिव्या, तिनं मला कधी उच्चारू न दिलेल्या. आईला सगळ्या ऐकू येत होत्या.

नैवेद्याचं ताट फिरत असताना पोलिसांची गाडी आली.

चौंडकं थांबलं. ताराबाई जागची उठली, पण तिची जीप पोलिसांच्या गाडीमागं अडकली होती. तालुक्याचे तेच फौजदार उतरले. मांडव बघितला, चौक बघितला, निलूच्या गळ्याकडे बघितलं.

"कोणी बांधलं हे?"

ताराबाई म्हणाली, "देवीचं काम, सायेब. घरातली पूजा हाय."

"मी बांधलं," आई म्हणाली.

फौजदार चमकले. "लगमव्वा, तुम्ही? अहो, सकाळी फोन तर तुम्हीच केलात, बांधलंय, या, म्हणून."

मांडवातल्या सगळ्या माना आईकडे वळल्या. माझीही.

"व्हय. गाडी यायला येळ लागतोय तुमची, म्हणून आदीच केला." आई उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी बांधलं. बांध म्हणून ह्या ताराबाईनं सांगितलं. पोरगी ह्या बापानं दिली. तांदूळ आमी पाच जणींनी टाकलं. ह्या समद्यांच्या म्होरं झालंय. लिवून घ्या."

फौजदार तिला बाजूला घेऊन गेले. मी खांबाशेजारीच होते, जीपवाल्यानं मला केव्हाच सोडलं होतं.

"तुम्हाला कळतंय का? तुमच्यावरच केस होणार. मला तुम्हालाच आत घ्यावं लागेल."

"घ्या."

"असं कशाला केलंत? आधी यायचं होतं माझ्याकडे."

"आलतो की. तुमी च्या दिलासा आनि म्हणालासा, अजून काय झालंच न्हाई तर कसली केस, झालं की या." आईनं मांडवाकडे हात केला. "आता झालंय."

फौजदारांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग हवालदाराला हाक मारली आणि ताराबाईच्या जीपची किल्ली काढून घ्यायला सांगितलं.

गाडीत मागं निलूला माझ्या मांडीशी बसवलं, समोर आई. निलूचं रडणं थांबेना. मण्यांना हात लावायलाही ती भीत होती.

"निलू, हिकडं बघ," आई म्हणाली. "हे मणी म्या परवा संकेश्वरच्या बाजारात घेतलं. बांगडीवाल्याकडं. माझ्या गळ्यातलं बी तितलंच. माझं खरं दर्शन कवाच नदीत गेलं. म्हंजे मी जोगतीण न्हाई. जी जोगतीण न्हाई तिच्या हातानं बांधलेलं लागू हुतंय व्हय कवा? न्हाई हुत. कायद्याला दाखवायला बांधलं. तुला काय सुदीक लागलं न्हाई. काढून टाक."

निलूनं माझ्याकडे बघितलं. मी गाठी सोडवल्या. घट्ट होत्या, नखं लागली. हातात मणी आले तशी ती रडायची थांबली.

मी आईला म्हटलं, "आनि माज्या थोबाडीत मारलीस ती बी कायद्याला दाखवायला व्हय?"

"न्हाई," आई म्हणाली. "ती खरी हुती. सगळं इस्कटत हुतीस की."

निलू बालगृहात गेली. पुढच्याच आठवड्यात मी तिथं जाऊन तिची जट कापली. तिनं स्वतःच आरसा धरला होता. त्या वेळेपासून, 'मला काही लागलं नाही, लगमव्वा जोगतीण नाहीच,' हे ती कुणालाही सांगायची. बालगृहातल्या पोरींना, बाईंना, शाळेतल्या मैत्रिणींना. ह्या एका वाक्यावर ती उभी होती. बापाला भेटायला मात्र नकार द्यायची.

आई, ताराबाई, भीमाप्पा आणि बाकीच्या जामिनावर सुटले. गावानं आईला वाळीत टाकलं. ह्याच बाईनं दर्शन बांधलं म्हणून पोरी वाचवणाऱ्यांनी तिला दारात उभं केलं नाही, आणि हिनंच पोलीस आणले म्हणून बाकीच्यांनी. ती शांतपणे कोंबड्या पाळत होती.

खटला उभा राहिला तेव्हा निलू दहावीत गेली होती. सरकारी वकील मॅडमनी आईला परोपरीनं सांगितलं की तुम्ही माफीचा साक्षीदार व्हा, सुटून जाल. आई म्हणाली, "माफी घितली की त्यांचा वकील म्हणणार, सुटायसाठी बोलालीया. मला माफी नको." आरोपीलाही स्वतःहून शपथेवर सांगता येतं, असं मॅडमनी सांगितल्यावर तिनं तेच करायचं ठरवलं.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मॅडम घाईघाईनं आमच्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लगमव्वा, त्या मण्यांचं कुणाकुणाला सांगितलंत तुम्ही?"

मी कपाळाला हात लावला. हौसाक्काला आईनंच सांगितलं होतं, आणि तिच्या पोटात काही राहायचं नाही. शिवाय बालगृहातल्या भिंतींनासुद्धा निलूनं ते सांगितलं होतं.

"त्यांचा वकील आता हेच धरणार," मॅडम म्हणाल्या. "बांधणारी जोगतीण नव्हती, मणी बाजारातले, म्हणजे दर्शन लागलंच नाही. मुलगी देवदासी झालीच नाही, मग गुन्हा कसला? माझं म्हणणं, कायदा असं बघत नाही. पण न्यायाधीश साहेब काय धरतील ते मी आज सांगू शकत नाही. बांधणारीच म्हणाली की खोटं होतं, तर ते सुटले समजा."

"सुटलं तर?" आईनं विचारलं.

"ताराबाई गावात परत येणार. आणि मुलगी अजून सज्ञान नाही. बाप सुटला तर तिचा ताबा मागणार. मिळेलही."

मॅडम आत गेल्या. आई बाकावर बसली. पलीकडच्या टोकाला बालगृहाच्या बाईंसोबत निलू आली होती. दोन वेण्या, रिबिनी, शाळेचा गणवेश. आईनं तिला जवळ बोलावलं, तिच्या वेणीचं टोक उगाच हातात धरून ठेवलं.

"निलू, आज मी आत काय बोलले..."

तिनं वेणीची रिबीन घट्ट केली.

"काय आज्जी?"

"काय न्हाई. परीक्षा कवा हाय तुझी?"

"मार्चमधी."

पुकारा झाला. मी आईच्या मागोमाग आत गेले. खरं सांगितलं तर निलू बापाच्या आणि ताराबाईच्या हाती. खोटं सांगितलं तर साऱ्या गावासमोर, शपथेवर, पोरीच्या कपाळी जोगतीण म्हणून शिक्का, आणि तोही जिनं ह्यातलं काही लागलं नाही म्हणून तिला उभं केलं तिच्याच तोंडून.

ताराबाईचा वकील सावकाश उठला.

"लगमव्वा, तुमचं दर्शन तुम्ही नदीत सोडलं होतं, खरं की खोटं?"

"खरं."

"त्या दिवशीचे मणी संकेश्वरच्या बाजारातून विकत आणलेले?"

"खरं."

"म्हणजे तुम्ही जोगतीण राहिलाच नव्हता. मग तुमच्या हातानं बांधलेलं दर्शन लागू होतं का?"

कोर्टात गावातली निम्मी गल्ली बसली होती. ताराबाई पदराआड हसत होती. भीमाप्पा मान खाली घालून उभा. आईनं कठड्याची लाकडी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"हुतंय," ती म्हणाली.

"कसं होईल? नीट सांगा."

"सायेब, माझ्या गळ्यात बांधलं तवा मी आठ वर्सांची हुते. मग चौदा वर्सं जे झालं ते झालं. मणी म्या नदीत सोडलं. मला वाटलं सुटले." तिनं श्वास घेतला. "मणी गेलं. ती चौदा वर्सं कुटं गेली? रातचं उठून बसते मी अजून. माळ असू दे न्हाईतर नसू दे, मला जोगतीण केलीया ती केलीया. माझ्या हातानं बांधलं ते लागलं."

माझ्या डोळ्यांना धार लागली. ही बाई मला रोज सांगायची, मी सुटलेय, आता मी कुणाची नाही. ते सगळं तिनं त्या पिंजऱ्यात काढून ठेवलं.

वकील इतक्यावर सोडणार नव्हता. त्यानं मागं वळून निलूकडे बोट केलं. "म्हणजे ती जी गणवेशात बसली आहे, ती मुलगी आज देवदासी आहे, असं तुम्ही शपथेवर सांगताय?"

सगळ्या गल्लीनं वळून बघितलं. निलूचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई तिच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"मोठ्यानं सांगा. आहे की नाही?"

"व्हय," आई म्हणाली. आणि मग आई रडायला लागली. मांडवात नाही, पोलिसांच्या गाडीत नाही, गावानं दारं लावली तेव्हा नाही, तिथं ती लहान पोरीसारखी रडली.

"मी दहावीत हाय."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "कोण बोललं?"

निलू उभी राहिली. बालगृहाच्या बाई तिचा हात ओढून खाली बसवत होत्या, ती बसेना. तिचा आवाज सगळीकडे पोचला.

"मी, सायेब. आज्जीनं सांगितलं ते लिवा. खरं हाय ते. ह्या लोकांनी मला देवीला सोडलं. पण मी दहावीत हाय, ते बी लिवा."

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण ओरडले नाहीत. क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग पुढच्या कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते मला अजून माहीत नाही.

निकाल महिन्यानं लागला. ताराबाई आणि भीमाप्पाला शिक्षा झाली. ताराबाईच्या पुण्याच्या घरावर धाड पडली आणि हौसाक्काची नात हाडांची मोळी होऊन का होईना, परत आली. आमच्या गल्लीत त्यानंतर मांडव पडला नाही. तांदूळ टाकायला बसलं की आत जावं लागतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि लगमव्वालाच आत जाताना पाहिलं होतं. आईला एक वर्षाची शिक्षा झाली. वय बघून अपील करा, कमी होईल, असं मॅडम म्हणाल्या. आई म्हणाली, मी कमी केली तर ताराबाई बी कमी करून मागंल.

जूनमध्ये मी तिला भेटायला कोल्हापूरच्या तुरुंगात गेले. जाळीपलीकडे ती आणखीच बारीक दिसत होती. मी डब्यात तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती आत घेऊ दिली नाही म्हणून मी तिथल्या बाईशी भांडून आले होते. मला वाटलं, आई माझी चौकशी करील, घराची करील, निदान कोंबड्यांची.

"दहावीचा निकाल लागला न्हवं?" तिनं विचारलं. "पास झाली?"

"झाली."

"गणितात किती पडलं? गणिताचं भ्या हुतं तिला."

निलूला गणितात पस्तीस पडले होते, अगदी काठावर. मी पासष्ट सांगितले. आई जाळीला कपाळ टेकवून हसत राहिली, आणि पुढच्या वेळी तिनं पुन्हा तेच विचारलं तेव्हाही मी पासष्टच सांगितले.